लहान इंटरनेट रेडिओ केंद्रे आणि संगीताची रॉयल्टी

रेडिओवरून एखादे गीत ऐकू येते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यामागे दोन वेगवेगळ्या निर्मिती उभ्या असतात. पहिली म्हणजे ते गीत, म्हणजेच त्याचे शब्द आणि त्याची चाल. तिच्यावर कवी, संगीतकार व त्यांचे प्रकाशक यांचा हक्क असतो. दुसरी म्हणजे त्या गीताचे एक विशिष्ट ध्वनिमुद्रण. ज्या गायकाने ते गायिले, ज्या वादकांनी साथ केली आणि ज्या कंपनीने पैसा घालून ते मुद्रित केले, त्यांची ती निर्मिती होय. एकच गीत दहा गायकांनी गायिले तर गीत एकच राहते, ध्वनिमुद्रणे मात्र दहा होतात. हा भेद वाचकाने प्रारंभीच ध्यानी घ्यावा, कारण अमेरिकेतील लहान इंटरनेट रेडिओ केंद्रांवर गेल्या पाव शतकात जे संकट पुनःपुन्हा ओढवले, त्याचे मूळ या भेदापाशी आहे.

अमेरिकेतील पारंपरिक रेडिओ केंद्रे पहिल्या हक्काबद्दल दीर्घकाळ रॉयल्टी देत आली आहेत. १९१४ मध्ये स्थापन झालेली आस्कॅप आणि १९३९ मध्ये निघालेली बीएमआय या संस्था रचनाकारांच्या व प्रकाशकांच्या वतीने ती गोळा करतात. दुसऱ्या हक्काची कहाणी मात्र निराळी आहे. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वी त्या देशाच्या संघीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षणच नव्हते. आणि ते मिळाले तेव्हाही ध्वनिमुद्रणाच्या नकला करण्यावर बंधन आले, त्याच्या प्रक्षेपणावर आले नाही. रेडिओवर गाणे वाजले की त्याच्या तबकड्या खपतात, म्हणजे रेडिओ हा कंपन्यांचा विनामूल्य जाहिरातदारच होय, असा रेडिओ-मालकांचा युक्तिवाद होता. प्रत्येक मतदारसंघात एखादे तरी रेडिओ केंद्र असतेच. त्यामुळे हा युक्तिवाद अमेरिकी काँग्रेसमध्ये नेहमीच सहानुभूतीने ऐकला गेला. परिणामी मनोऱ्यावरून प्रक्षेपित होणाऱ्या गाण्याबद्दल तेथील गायकाला वा वादकाला कायद्याने आजही काही मिळत नाही. जगातील बहुतेक प्रगत देशांत अशी स्थिती नाही.

संगणकाच्या जाळ्यातून संगीत वाहू लागले तेव्हा ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ही जुनी चूक नव्या माध्यमात होऊ द्यायची नाही असा निश्चय केला. १९९५ च्या कायद्याने अंकीय स्वरूपातील प्रक्षेपणापुरता ध्वनिमुद्रणावर नवा हक्क निर्माण झाला आणि १९९८ च्या दुसऱ्या एका कायद्याने तो इंटरनेट रेडिओला स्पष्टपणे लागू झाला. त्याबरोबर एक सोयही करण्यात आली. हजारो कंपन्यांच्या दारी जाऊन स्वतंत्र अनुमती मागणे कोणत्याही केंद्राला शक्य नाही. म्हणून अटी पाळणाऱ्या व ठरलेली रॉयल्टी भरणाऱ्या प्रत्येकास आपोआप परवाना मिळेल, कोणी मालक त्यास नकार देऊ शकणार नाही, अशी तरतूद झाली. यालाच वैधानिक परवाना म्हणतात.

या परवान्याच्या अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. तीन तासांच्या कोणत्याही अवधीत एका संग्रहातील तीनांहून अधिक आणि एका कलाकाराची चारांहून अधिक ध्वनिमुद्रणे वाजविता येत नाहीत. पुढे कोणती गाणी लागणार याची यादी आगाऊ प्रसिद्ध करता येत नाही. श्रोत्याने घरबसल्या हवे ते गाणे मुद्रित करून घेऊ नये, हा त्यामागील हेतू. एखादा थोर गायक निवर्तला की त्या दिवशी त्याचीच गाणी लावण्याचा प्रघात आपल्या आकाशवाणीच्या श्रोत्यांना चांगला परिचित आहे. अमेरिकेतील या परवान्याखाली चालणाऱ्या केंद्राला तो पाळता येत नाही.

आता ही लहान केंद्रे कोणती, ते पाहू. मनोऱ्यावरून प्रक्षेपण करावयाचे तर कंपनलहरींचा परवाना, यंत्रसामग्री, जागा, अभियंते असा मोठा व्याप लागतो. इंटरनेटवर केंद्र काढावयास एक संगणक, चांगला संग्रह आणि आपली आवड इतरांना ऐकविण्याची हौस एवढे भांडवल आरंभी पुरत असे. सॅन फ्रान्सिस्को येथे २००० साली निघालेले सोमा एफएम हे असे एक केंद्र. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावातून बिल व रेबेका गोल्डस्मिथ या दांपत्याने रेडिओ पॅराडाइज सुरू केले. दोन्ही केंद्रांनी जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या देणग्यांवर भिस्त ठेवली. अशा केंद्रांवरून वाजणारे संगीत व्यापारी रेडिओवर सहसा ऐकू येत नसे. ज्या कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांच्या थोड्याच प्रती निघतात, ज्यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी नसते, त्यांना श्रोता मिळण्याचे हे एक ठिकाण होते. म्हणजे ज्यांच्या हितासाठी रॉयल्टीचा नियम झाला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे हित या केंद्रांच्या जगण्यातही गुंतलेले होते.

रॉयल्टी किती असावी हे १९९८ च्या कायद्याने ठरविले नव्हते. राजीखुशीचा ग्राहक आणि राजीखुशीचा विक्रेता खुल्या बाजारात जो भाव मान्य करतील तो भाव शोधून काढावा, एवढेच सूत्र त्यात दिले होते. हे काम तीन लवादांच्या एका मंडळाकडे गेले. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने तोवर वेगवेगळ्या प्रक्षेपकांशी २६ करार केले होते. मंडळाने त्यांपैकी २५ अविश्वसनीय म्हणून बाजूस सारले आणि याहू या प्रचंड कंपनीशी झालेल्या एकाच कराराचा आधार घेतला. फेब्रुवारी २००२ मध्ये मंडळाने शिफारस केली की, केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या केंद्राने प्रत्येक श्रोत्याने ऐकलेल्या प्रत्येक गाण्यामागे ०.१४ सेंट द्यावेत. १ मे २००२ रोजी अनेक केंद्रांनी आपले संगीत बंद ठेवून निषेध नोंदविला. अंतिम निर्णय लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख ग्रंथपाल जेम्स बिलिंग्टन यांच्या हाती होता. (ज्या देशात प्रताधिकाराचे कार्यालय राष्ट्रीय ग्रंथालयाच्या छपराखाली आहे तेथेच रेडिओचे दर ग्रंथपालाने ठरविण्याचा प्रसंग येऊ शकतो!) जून महिन्यात त्यांनी हा दर निम्मा करून ०.०७ सेंटवर आणला. मात्र तो ऑक्टोबर १९९८ पासूनच्या काळाला पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला.

सेंटच्या दशांशाहूनही लहान अशी ही रक्कम वाचून कोणासही वाटेल की, यात तक्रार करण्यासारखे काय आहे? हिशेब मांडून पाहू. संगीताच्या केंद्रावर तासाला साधारणपणे १५ गाणी लागतात असे धरू. दिवसरात्र सरासरी १०० श्रोते ऐकत आहेत असेही धरू. रेडिओच्या मानाने ही संख्या अगदीच नगण्य आहे. तासाला १५ गाणी, १०० श्रोते, दिवसाचे २४ तास आणि वर्षाचे ३६५ दिवस यांचा गुणाकार केला म्हणजे १ कोटी ३१ लाख ४० हजार वादने होतात. ०.०७ सेंट या दराने त्यांची रॉयल्टी ९,१९८ डॉलर होते, ०.१४ ने १८,३९६ डॉलर. घरातील एका खोलीतून, देणग्यांवर चालणाऱ्या केंद्राला ही रक्कम कोठून आणावयाची हा प्रश्न पडला. त्यात मागील चार वर्षांची थकबाकीही एकदम अंगावर आली. सोमा एफएमने त्या जून महिन्यात आपले प्रक्षेपण थांबविले.

येथे दराच्या आकड्यापेक्षा मोजमापाच्या एककाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणात श्रोते शंभर असोत की लाख, केंद्राचा खर्च तोच राहतो. श्रोते वाढले की जाहिरातीचे उत्पन्न तेवढे वाढते. इंटरनेट रेडिओत प्रत्येक श्रोत्याला संगीताचा प्रवाह स्वतंत्रपणे पुरवावा लागतो, म्हणून तांत्रिक खर्च आधीच श्रोत्यागणिक वाढतो. त्यावर रॉयल्टीही श्रोत्यागणिक लागू झाली. ज्या केंद्राचे उत्पन्न श्रोत्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या दृष्टीने प्रत्येक नवा श्रोता म्हणजे नवा तोटा ठरतो. कार्यक्रम लोकप्रिय झाला म्हणून केंद्र बुडावे, असा हा विपरीत प्रकार होय. उत्पन्नाच्या ठराविक टक्क्यांप्रमाणे रॉयल्टी घेतली असती तर लहानाने थोडे व मोठ्याने पुष्कळ दिले असते. याहूच्या करारात टक्केवारी नव्हती. याहूने जी ब्रॉडकास्ट डॉट कॉम ही कंपनी विकत घेतली होती तिचे एक संस्थापक मार्क क्युबन यांनी २००२ साली उघड सांगितले की, लहान प्रतिस्पर्ध्यांना टक्केवारीच्या आश्रयाने स्वस्तात तग धरता येऊ नये, असा विचार त्या कराराच्या आखणीमागे होता. खुल्या बाजारातील भावाचा नमुना म्हणून मंडळाने हाच करार निवडला होता.

मनोरा आणि तार यांतील विसंगती एका केंद्राच्या उदाहरणात विशेष ठळकपणे दिसते. कॅलिफोर्नियातील केपिग हे एफएम केंद्र १९९५ पासून आपले कार्यक्रम इंटरनेटवरूनही ऐकवीत होते. असे करणाऱ्या पहिल्या व्यापारी केंद्रांत त्याची गणना होते. २००२ च्या उन्हाळ्यात त्याने इंटरनेटवरील प्रवाह बंद केला. मनोऱ्यावरून मात्र तेच निवेदक तीच गाणी पूर्वीप्रमाणे वाजवीत राहिले, आणि तेथे गायकाला काहीच द्यावे लागत नव्हते.

केंद्रचालकांच्या आणि श्रोत्यांच्या तक्रारी काँग्रेसपर्यंत पोचल्या व डिसेंबर २००२ मध्ये लहान प्रक्षेपकांच्या तडजोडीचा कायदा संमत झाला. त्यानुसार झालेल्या करारात लहान केंद्रांना उत्पन्नाच्या १० ते १२ टक्के किंवा खर्चाच्या ७ टक्के यांपैकी अधिक असेल ती रक्कम भरण्याची मुभा मिळाली. सोमा एफएम पुन्हा ऐकू येऊ लागले.

दुसऱ्या पक्षाचीही बाजू येथे सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. जमा झालेल्या रॉयल्टीचे वाटप साउंडएक्स्चेंज ही संस्था करते. २००३ मध्ये ती कंपन्यांच्या संघटनेतून वेगळी झाली. कायद्याने वाटणीचे प्रमाण ठरवून दिले आहे. निम्मी रक्कम ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ टक्के साथीच्या वादकांना व गायकांना समसमान जातात. कलाकाराचा वाटा कंपनीच्या हातून न जाता थेट त्याच्याकडे जातो, ही मोठी गोष्ट आहे. कारण कंपनीकडे त्याच्या नावे आगाऊ रकमेचे जुने कर्ज लिहिलेले असते आणि विक्रीची रॉयल्टी बहुधा त्यातच जिरते. आयुष्यभर रेडिओवर वाजूनही ज्यांना रेडिओकडून दमडी मिळाली नाही, अशा वृद्ध गायकांना व वादकांना या मार्गाने प्रथमच काही मिळू लागले. लहान केंद्रांचे चालक स्वतः संगीताचे वेडे असल्याने कलाकाराला मोबदला मिळू नये असे त्यांच्यापैकी फारच थोडे म्हणत. वाद होता तो मोबदला कोणत्या मापाने मोजावा याचा, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते.

तडजोडीची मुदत २००५ अखेर संपली. लवादांच्या जागी आता तीन न्यायाधीशांचे कायम मंडळ आले होते. २ मार्च २००७ रोजी त्याने दिलेल्या निर्णयात टक्केवारी पुन्हा नाकारण्यात आली. दर २००६ साठी ०.०८ सेंट, २००७ साठी ०.११, २००८ साठी ०.१४, २००९ साठी ०.१८ आणि २०१० साठी ०.१९ सेंट असे चढते ठरले. शिवाय प्रत्येक वाहिनीमागे वर्षाला किमान ५०० डॉलर. आपल्या त्याच शंभर श्रोत्यांच्या केंद्राला २००६ साली १०,५१२ डॉलर आणि २०१० साली २४,९६६ डॉलर पडणार होते. याच सुमारास उपग्रहावरून चालणाऱ्या रेडिओला त्याच मंडळाने उत्पन्नाच्या ६ ते ८ टक्के असा दर लावला, कारण त्या माध्यमासाठी कायद्यात मूल्यनिश्चितीचे निराळे सूत्र होते. म्हणजे मनोऱ्याला शून्य, उपग्रहाला उत्पन्नाचा एक अंश आणि इंटरनेटला प्रत्येक कानामागे पैसा. तेच गाणे, तोच गायक, तोच श्रोता. तीन वाटांचे तीन कायदे.

२६ जून २००७ रोजी पुन्हा मौनदिन पाळला गेला. या वेळी लाइव्ह३६५ आणि पँडोरा यांसारख्या मोठ्या सेवाही त्यात सहभागी झाल्या. काँग्रेसने २००८ व २००९ मध्ये तडजोडीला वाव देणारे आणखी दोन कायदे केले. त्यांतून लहान केंद्रांना २०१५ अखेरपर्यंत पुन्हा टक्केवारी मिळाली, तीही वार्षिक उत्पन्न साडेबारा लाख डॉलरांच्या आत असेल तोवरच.

विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्रांची हकीकत येथे ओघाने येते. ना-नफा केंद्रांना ५०० डॉलरांत महिन्याला १,५९,१४० श्रवणतासांची मर्यादा दिली होती. हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे सतत ऐकणाऱ्या २१८ श्रोत्यांचा महिनाभराचा हिशेब होय. महाविद्यालयातील अनेक केंद्रांना पन्नास श्रोतेही नसतात. त्यांच्या संघटनेने ५०० डॉलरांचे किमान शुल्क जाचक म्हणून न्यायालयात आव्हान दिले. त्या लढ्यात एक अनपेक्षित निकाल लागला: या तीन न्यायाधीशांची नेमणूकच घटनेशी विसंगत आहे, असे अपील न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले. त्यावर उपाय म्हणून न्यायालयाने एवढेच केले की, त्यांना पदावरून दूर करण्यावरील निर्बंध रद्द केला. मंडळ कायम राहिले.

डिसेंबर २०१५ मध्ये पुढील पाच वर्षांचे दर जाहीर झाले. जाहिरातींवर चालणाऱ्या विनामूल्य सेवेसाठी २०१६ चा दर ०.१७ सेंट होता. मोठ्या सेवांना तो जड वाटला नाही. लहानांसाठी मात्र टक्केवारीची तरतूद या वेळी नव्हती. त्याचा आघात लाइव्ह३६५ वर झाला. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही सेवा स्वतः फारसे काही प्रक्षेपित करीत नसे. हौशी लोकांना मासिक वर्गणीत केंद्र चालविता यावे म्हणून यंत्रणा पुरविणे, गाण्यांची नोंद ठेवणे आणि सर्वांच्या वतीने रॉयल्टी भरणे हे तिचे काम होते. हजारो केंद्रे तिच्या आसऱ्याने चालत. यांपैकी नोंद ठेवण्याचे काम बाहेरच्याला क्षुल्लक वाटते. पण वाजलेल्या प्रत्येक गाण्याचे नाव, कलाकार, संग्रह, कंपनी आणि श्रोत्यांची संख्या नियमितपणे कळविणे एकट्या माणसाला पेलणारे नव्हते. टक्केवारीचा आधार सुटला, त्याच सुमारास गुंतवणूकदारांनीही हात काढून घेतले आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी लाइव्ह३६५ बंद पडली. २०१७ मध्ये नव्या मालकाने ती पुन्हा सुरू केली. परंतु दरम्यान पांगलेली सर्वच केंद्रे काही परतली नाहीत.

२०२१ ते २०२५ या कालखंडासाठी विनामूल्य सेवेचा दर ०.२१ सेंटपासून सुरू होऊन महागाईनुसार वाढत जाईल असे ठरले आणि किमान शुल्क ५०० वरून १,००० डॉलरांवर गेले. ०.२१ सेंटने आपल्या शंभर श्रोत्यांचे केंद्र २७,५९४ डॉलरांपर्यंत पोचते. सोमा एफएम आणि रेडिओ पॅराडाइज ही केंद्रे श्रोत्यांच्या देणग्यांवर या साऱ्यातून तरली. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे जोडलेला निष्ठावंत श्रोतृवर्ग होता; आज नव्याने केंद्र काढणाऱ्याजवळ तो असत नाही.

भारतीय वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, आपल्याकडे काय आहे? येथील खाजगी एफएम केंद्रांच्या बाबतीत कॉपीराइट बोर्डाने ऑगस्ट २०१० मध्ये जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरविला होता. म्हणजे अमेरिकेतील लहान केंद्रे ज्या टक्केवारीसाठी झगडत होती, तेच तत्त्व येथे त्या वेळी मान्य झाले. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली कलम ३१ड घालण्यात आले व प्रक्षेपकांसाठी वैधानिक परवान्याची व्यवस्था झाली. इंटरनेटवरून संगीत पुरविणाऱ्यांना तिचा लाभ मिळतो काय, हा प्रश्न टिप्स इंडस्ट्रीज आणि विंक यांच्यातील दाव्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. एप्रिल २०१९ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने निर्णय दिला की, हे कलम रेडिओ व दूरदर्शन प्रक्षेपणापुरतेच आहे, इंटरनेटला ते लागू नाही. त्यामुळे भारतात कोणी हौसेने इंटरनेट केंद्र काढावयाचे म्हटले तर त्याला अमेरिकेतील दर महाग की स्वस्त याचा विचार करण्यापूर्वीच दुसरी अडचण भेडसावते. तेथे मालकाला नकार देता येत नाही. येथे ध्वनिमुद्रणाच्या मालकाशी स्वतंत्र करार करावा लागतो, आणि तो हजार वाहिन्यांच्या कंपनीशी करावा की शंभर श्रोत्यांच्या केंद्राशी, हे ठरविणे त्या मालकाच्या हाती राहते.